न्यू जर्सी की टेक्सास? व्हाया भिंगार!

पगार तोच, कंपनी तीच, व्हिसाही तोच. निवडायचं होतं फक्त राज्य. एक्सेल शीट झकास तयार झाली होती... आणि मग मी दिवाळीला घरी गेले.

"तिथं चालत कुठं जाता येतं?"

बाबांचा हा पहिलाच प्रश्न. समोर टीपॉयवर चिवड्याची ताटली, तिच्या शेजारी लॅपटॉप, लॅपटॉपवर माझी एक्सेल शीट. सदतीस रो आणि दोन कॉलम. एका कॉलमवर न्यू जर्सी, दुसऱ्यावर टेक्सास. टॅक्स, घरभाडं, शाळा, हवा, क्राइम, इंडियन ग्रोसरी किती मैलांवर, मुंबईची फ्लाइट किती तासांची, सगळं कलर कोडिंगसकट! बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोन मिनिटं नीट पाहिली आणि हा प्रश्न टाकला. अडतिसावी रो माझ्याकडे नव्हती.

थांबा, सुरुवातीपासून सांगते. मी मूळची भिंगारची. ज्यांना भिंगार माहीत नाही त्यांच्यासाठी: नगर शहराला चिकटून, लष्कराच्या कॅन्टोन्मेंटच्या कुशीत बसलेलं गाव. (नगरचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालंय, पण बोलताना आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) शाळेत गणिताचा तास चालू असताना लांब के. के. रेंजवरून तोफांचे आवाज यायचे आणि बाई न थांबता फळ्यावर लिहीत राहायच्या. आता नोकरी खराडीत, फ्लॅट वाघोलीत. म्हणजे काय, सगळं आयुष्य नगर रोडवरच!

तर झालं असं, की दिवाळीच्या आधी मॅनेजरनं बोलावून विचारलं, "दोन-तीन वर्षं अमेरिकेत जाशील का? एल-1 वर. एक जागा न्यू जर्सीत एडिसनजवळ आहे, एक टेक्सासमध्ये प्लेनोला. पगार सेम. महिन्याभरात सांग." नवऱ्याच्या नोकरीचा नेहमीचा ड्रामा या वेळी नव्हता, कारण एल-2 वरच्या जोडीदाराला 2021 च्या नोव्हेंबरपासून वेगळं वर्क परमिट न काढता काम करता येतं. म्हणजे जायचं की नाही हा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला होता. उरला फक्त कुठं.

आणि मी अगदीच कोरी पाटी नव्हते. गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी दोन्हीकडे तीन-तीन आठवडे राहून आले होते. न्यू जर्सीत वीकेंडला मामेबहिणीकडे, म्हणजे ताईकडे एडिसनला. टेक्सासमध्ये चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे फ्रिस्कोला. दोघंही आपापल्या राज्याचे असे कट्टर, की शरद पवारांवरून आमच्याकडे होत नाहीत तेवढी भांडणं दोघांच्या फॅमिली ग्रुपवर यावरून होतात.

नगर जिल्हा विरुद्ध दोन महाराष्ट्र

आधी साइज समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. आपला नगर जिल्हा महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, 17,048 चौरस किलोमीटर. न्यू जर्सीची जमीन साधारण 19 हजार चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खं राज्य आपल्या एका जिल्ह्यापेक्षा जेमतेम थोडं मोठं! त्यात माणसं 95 लाख. अमेरिकेतलं सगळ्यात दाट वस्तीचं राज्य हेच.

आणि टेक्सास? जवळपास 6 लाख 95 हजार चौरस किलोमीटर. दोन महाराष्ट्र ठेवले तरी वर केरळ आणि गोवा आरामात मावतील. माणसं 3 कोटींच्या वर. इंटरस्टेट 10 हा हायवे एका टोकानं टेक्सासमध्ये शिरतो आणि साधारण 880 मैलांनी बाहेर पडतो. दादा "जवळच आहे गं" म्हणाला की आपण पाण्याच्या दोन बाटल्या घ्यायच्या, हे मी पहिल्याच शनिवारी शिकले.

जागा कमी म्हणून न्यू जर्सीत घरं एकमेकांना खेटून, आणि घरं खेटून म्हणून तिथं ट्रेन परवडते. भाऊजी मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेन पकडून न्यूयॉर्कला नोकरीला जातात. घरात गाडी एकच. टेक्सासमध्ये जागा मुबलक, म्हणून घरं मोठी, रस्ते रुंद आणि सगळं एकमेकांपासून लांब. दादाकडे गाड्या तीन. तिसरी कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "मुलगा सोळा वर्षांचा झाला ना." जणू मुंज केली.

झीरो टॅक्स, पण...

टेक्सासचं सगळ्यात मोठं मार्केटिंग म्हणजे राज्याचा इन्कम टॅक्स शून्य. खरं आहे. 2019 मध्ये तर मतदान घेऊन त्यांनी तो पुढेही लावता येऊ नये अशी घटनेतच सोय करून टाकली. न्यू जर्सीत मात्र 1.4 टक्क्यापासून 10.75 टक्क्यांपर्यंत पायऱ्या आहेत. हे वाचून माझ्या नवऱ्यानं दोन मिनिटांत निकाल लावला होता: टेक्सास! बॅगा भर!

पण आम्ही नगरचे. हिशेब केल्याशिवाय कांदा विकत नाही, तिथं एवढा मोठा निर्णय कसा घेणार? नवरा-बायकोचं मिळून वर्षाला 1 लाख 20 हजार डॉलर करपात्र उत्पन्न धरलं, तर न्यू जर्सी राज्याचा टॅक्स चार हजार डॉलरच्या आत बसतो. 10.75 टक्क्यांची पायरी वर्षाला 10 लाख डॉलरच्या पुढे कमावणाऱ्यांसाठी आहे, आणि ती चिंता मला सध्या तरी नाही. म्हणजे ज्या शून्याचा एवढा गाजावाजा, त्याची किंमत माझ्यापुरती महिन्याला सव्वातीनशे डॉलर. आणि टेक्सासमध्ये आम्हा दोघांना दोन गाड्या लागणारच. ट्रिपल ए ही तिथली वाहनधारकांची जुनी संघटना दर वर्षी हिशेब काढते, त्यानुसार एक नवी गाडी बाळगायचा खर्च वर्षाला 11 हजार डॉलरच्या वर जातो. सेकंडहँड घेतली तरी चार हजार वाचलेले कुठं गेले ते कळणार नाही.

घरपट्टीचं तर विचारूच नका. न्यू जर्सीतली घरपट्टी अमेरिकेत सगळ्यात जास्त, सरासरी बिल वर्षाला 10 हजार डॉलरच्या आसपास. पण टेक्सासलाही शाळा आणि रस्ते चालवायला पैसा लागतोच की! इन्कम टॅक्स नाही म्हणून तो घरावर बसतो. ताईच्या सोळाशे स्क्वेअर फुटांच्या टाऊनहाऊसचं आणि दादाच्या बत्तीसशे स्क्वेअर फुटांच्या बंगल्याचं बिल मी शेजारी शेजारी ठेवलं, तर फरक हजारभर डॉलरचा निघाला, तोही दादाचंच जास्त. बाबांना रुपयांत सांगितलं. नऊ-दहा लाख घरपट्टी ऐकून त्यांनी आमची भिंगारची घरपट्टीची पावती देवघराच्या खणातून काढून एकदा प्रेमानं पाहिली आणि परत ठेवली.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. बत्तीसशे स्क्वेअर फूट म्हणजे बत्तीसशे स्क्वेअर फूट! दादाच्या घरात तळमजल्यावर एक वेगळी बेडरूम आहे, बाथरूमसकट. जिना नाही, उंबरा नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ताईकडे सगळ्या बेडरूम वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या. आईला मी दोन्हीकडचे फोटो दाखवले. तिनं फोनवर बोटं फिरवून दादाकडची ती खोली मोठी करून पाहिली, खिडकीतून काय दिसतं ते पाहिलं आणि म्हणाली, "इथं मी राहीन गं सहा महिने." टेक्सासला एक मत.

"आर यू ओके?"

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते.

बाबांचा दिवस असा. साडेपाचला उठायचं, कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालून तासभर चालायचं. परत येताना ठरलेल्या टपरीवर चहा, तिथं ठरलेले चार लोक, ठरलेला वाद. मग दूध. दुपारी झोप. संध्याकाळी शेअर रिक्षानं माळीवाड्यापर्यंत, काही कामाला म्हणून, आणि काम नसलं तर ते शोधायला म्हणून. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात त्यांनी कुणालाही "मला जरा सोडतोस का?" असं म्हटलेलं मला आठवत नाही.

प्लेनोला मी ऑगस्टमध्ये होते. हॉटेलपासून दुकान मॅपवर सव्वा मैल. म्हटलं, कशाला कॅब, चालत जाऊ. संध्याकाळचे सहा, पारा चाळिशीला टेकलेला, सहा लेनचा रस्ता, फूटपाथ छान गुळगुळीत आणि त्यावर मी एकटी. एकही माणूस नाही, एक झाड नाही, सावली फक्त विजेच्या खांबाची. दहा मिनिटांनी एक मोठा पिकअप ट्रक हळू झाला. काच खाली आली. टोपी घातलेले एक आजोबा म्हणाले, "मॅम, आर यू ओके?" त्यांना वाटलं माझी गाडी बंद पडली! खूप गोड माणूस, पाण्याची बाटलीही दिली. पण चालणारा माणूस म्हणजे संकटातला माणूस, हे गणित डोक्यात बसलं ते बसलंच.

माणसं टेक्सासमध्ये जास्त मोकळी आहेत, हेही नोंदवते. लिफ्टमध्ये हसतात, नाव विचारतात, बार्बेक्यूला बोलावतात. एडिसनमध्ये शेजारी मान हलवतो तेवढंच.

काका-काकू, म्हणजे दादाचे आईवडील, सावेडीत राहतात. दोन वर्षांपूर्वी सहा महिने फ्रिस्कोला राहून आले. घर बघून काकू हरखून गेल्या होत्या. भाऊबीजेला काका आले तेव्हा मी त्यांना खोदून खोदून विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "दिवसातून दोनदा गॅरेजचं दार वाजायचं. सकाळी गेले, संध्याकाळी आले. मधल्या वेळात मी, तुझी काकू आणि डिशवॉशर." मंदिर नाही का? आहे ना, फ्रिस्कोचं कार्यसिद्धी हनुमान मंदिर प्रसिद्ध आहे, पण दादाच्या घरापासून सात मैल. बस? फ्रिस्को तिथल्या 'डार्ट' या बस-ट्रेनच्या व्यवस्थेत सामीलच नाही. काकांनी सहा महिन्यांत स्वतःच्या पायांनी गाठलेली सगळ्यात लांबची जागा म्हणजे सोसायटीच्या तोंडावरची पोस्टाची पेटी. त्या पेटीला ते दिवसातून तीनदा भेट द्यायचे. सुनेची, मुलाची एका शब्दानं तक्रार नाही. "त्यांनी काय करायचं? त्यांना नोकऱ्या आहेत." एवढंच.

ताईकडे मामा-मामी जातात ते वेगळीच स्टोरी घेऊन येतात. ओक ट्री रोड हा एडिसन आणि इझेलिनमधला रस्ता म्हणजे लक्ष्मी रोडचा गुजराती चुलतभाऊ. साड्या, सोनं, वडापाव, पानवाला, सगळं. ताईच्या घरापासून चालत वीस मिनिटं. मामा रोज सकाळी तिथं जातात, कोथिंबीर घेतात, घरी आधीची कोथिंबीर असली तरी घेतात. लायब्ररीत त्यांना एक सुरतचे आणि एक हैदराबादचे असे दोन मित्र मिळालेत. तिघांची कॉमन भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि डायबेटिस.

पण हो, जानेवारीत नाही. जानेवारीत मामाही खिडकीतच. घरासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ घरमालकानंच उपसायचा असतो, आणि पहाटे सहाला फावडं घेऊन उभ्या असलेल्या भाऊजींचा फोटो कुणी टेक्सासवाल्यानं फॅमिली ग्रुपवर टाकला की ताई दोन दिवस बोलत नाही.

लाईट गेली!

बाबांना एक किस्सा सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. फेब्रुवारी 2021. टेक्सासमध्ये कधी नव्हे ती कडाक्याची थंडी पडली, वीज केंद्रं आणि गॅसच्या लाइनी गोठल्या. टेक्सासनं आपली वीजग्रीड बाकीच्या देशापासून बरीचशी वेगळी ठेवलीय, त्यामुळे शेजारच्या राज्यांतून पुरेशी वीज आणताही येईना. 45 लाखांहून जास्त घरं अंधारात. सरकारी आकडा 246 मृत्यूंचा. दादाच्या घरी तीन दिवस लाईट नव्हती, पाइप फुटला, आणि वहिनीनं काडी ओढून गॅसची शेगडी पेटवली, तिच्यावर बर्फ वितळवून बाथरूमसाठी पाणी केलं.

"अमेरिकेत लाईट जाती?" बाबा. "तीन दिवस? त्यांना म्हणावं इन्व्हर्टर घ्या." मग मृत्यूंचा आकडा परत विचारला आणि गप्प झाले.

न्यू जर्सीही धुतल्या तांदळाची नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा ताईकडे आठ दिवस वीज नव्हती, आणि पेट्रोलसाठी सम-विषम नंबर प्लेटच्या रांगा लागल्या. पेट्रोलवरून आठवलं: न्यू जर्सीत स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानंच बंदी आहे, 1949 पासून! आता असं एकमेव राज्य उरलंय. पंपावर माणूस येतो, नळी लावतो, पैसे घेतो. बाबांना हे प्रचंड आवडलं. "म्हणजे आपल्यासारखंच की!" त्या माणसाला तासाला किती मिळत असतील, हेही त्यांनी विचारलं. न्यू जर्सीत किमान वेतन 2024 पासून 15 डॉलरच्या वर आहे. टेक्सासनं केंद्राचं किमानच धरलंय, तासाला सव्वासात डॉलर, आणि ते 2009 पासून तसंच आहे. बाबा आयुष्यभर पगारपत्रकं पाहिलेले. ते म्हणाले, "मग स्वस्ताई कुणाच्या जिवावर आहे ते कळलं."

बंदुकांची रो मी शीटमध्ये लाल केली होती. टेक्सासमध्ये 2021 च्या कायद्यानंतर बहुतेक सज्ञान माणसांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. न्यू जर्सीचे नियम देशात कडक समजल्या जाणाऱ्यांपैकी. 6 मे 2023 ला प्लेनोच्या शेजारच्या ॲलन गावात मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ माणसं गेली. वहिनी त्याच मॉलमध्ये मुलांचे शाळेचे बूट घेते. अजूनही घेते. "मग काय करू, बूट घ्यायचे नाहीत?" असं ती म्हणाली, आणि मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

शाळांवर मी जास्त वेळ घालवला नाही. दोन्हीकडच्या आपल्या लोकांच्या वस्त्यांमधल्या शाळा चांगल्या आहेत; म्हणूनच तिथं आपले लोक आहेत. मराठी वातावरणाचंही तेच. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन 2019 ला डॅलसला झालं, 2022 ला न्यू जर्सीत अटलांटिक सिटीला. गणपती दोन्हीकडे, ढोल-ताशा दोन्हीकडे, आणि कार्यकारिणीतली भांडणंही दोन्हीकडे.

शीटमध्ये नसलेली रो

एक रो मी शीटमध्ये टाकलीच नव्हती. ही शीट नवऱ्यासोबत शेअर्ड होती, आणि बाबांना दाखवायची होती.

दीड वर्षापूर्वी माझं एक मिसकॅरेज झालं. अकराव्या आठवड्यात. सोनोग्राफीत ठोके नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, थांबण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी या. गेले, अर्ध्या तासाची प्रोसीजर झाली, संध्याकाळी घरी. दुःख होतं, ते वेगळं. पण भीती नव्हती. कुणाला फोन करून विचारावं लागलं नाही की हे करायला परवानगी आहे का. आपल्याकडे याबाबतचा कायदा 1971 पासून आहे, आणि आहे हे आपल्या लक्षातही नसतं.

टेक्सासमध्ये 2022 च्या ऑगस्टपासून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. अपवाद फक्त आईच्या जिवावर बेतलं तर किंवा शरीराच्या एखाद्या मुख्य कार्याचं मोठं नुकसान होण्याचा गंभीर धोका असेल तर. गर्भ आधीच गेलेला असेल तर तो काढणं कायद्याच्या व्याख्येत गर्भपात ठरत नाही, हे मी वाचलंय. पण चूक ठरली तर डॉक्टरला मोठ्या तुरुंगवासाची शिक्षा आहे, त्यामुळे हॉस्पिटलं आणि डॉक्टर थांबतात, पुन्हा सोनोग्राफी करतात, वकिलाला विचारतात. अपवाद नेमका कधी लागू होतो हे स्पष्ट करायला 2025 मध्ये तिथल्या विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागला. ज्या राज्यात डॉक्टरांसाठी असा खुलासा काढावा लागतो, तिथं मधल्या तीन वर्षांत बायकांनी काय काढलं असेल? न्यू जर्सीनं उलट जानेवारी 2022 मध्येच हा हक्क कायद्यात लिहून ठेवला. शिवाय तिथं 2009 पासून राज्याची पगारी कौटुंबिक रजा आहे. आता ती बारा आठवड्यांपर्यंत मिळते, पगाराच्या 85 टक्के, वर एक मर्यादा धरून. बाळासाठी मिळते, आणि आजारी आईवडिलांसाठीही. टेक्सासमध्ये राज्याची अशी योजनाच नाही. कंपनी देईल ते.

आम्हाला परत प्रयत्न करायचाय. म्हणून ही रो.

दादाला मी हे फोनवर विचारू शकले नाही, वहिनीला विचारलं. ती जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "माझी दोन्ही बाळंतपणं 2022 च्या आधीची आहेत गं. इथले डॉक्टर फार चांगले आहेत. पण आता मला कुणी विचारलं, तर मी त्यांना आधी तिकिटाचे पैसे बाजूला ठेवायला सांगीन." म्हणजे राज्याबाहेर जायच्या तिकिटाचे. आणि लगेच म्हणाली, "तू इकडे आलीस तर मला किती बरं वाटेल सांगू." दोन्ही गोष्टी ती मनापासून बोलली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आई शेंगोळी करत होती. हुलग्याच्या पिठाची, लसणाचा ठसका दिलेली. दिवाळीचं गोड खाऊन कंटाळा आला की आमच्याकडे तीच लागतात. मी समोर बसून वळत होते. मिसकॅरेजच्या वेळी पुण्याला येऊन पंधरा दिवस राहिली होती तीच, त्यामुळे तिला मागचं काही सांगायला नको होतं. फक्त टेक्सासचा कायदा काय आहे ते सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "म्हणजे डॉक्टरलाच पकडतात?" हो म्हटलं. तिनं हातातलं शेंगोळं वळून पूर्ण केलं, ताटात ठेवलं.

"मग जिने चढीन मी," म्हणाली.

"अगं, चौदा पायऱ्या आहेत."

"बसत बसत चढीन. नाहीतर खाली हॉलमध्ये गादी टाक. त्या खोलीचं काय एवढं!"

मी नवऱ्याला त्या रात्री सगळं सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं, असं निघालं. त्यानं स्वतः वाचून ठेवलं होतं, पण मी त्या विषयावर बोलत नाही म्हणून तोही बोलला नव्हता. टेक्सास-टेक्सास करत होता ते मोठ्या गॅरेजसाठी, आणि थोडंसं मला हसवायला.

नगरला अमेरिका नवी नाही, हे इथं सांगायलाच हवं. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन शिक्षिका 1839 मध्ये मुंबईहून नगरला आली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये इथंच वारली. एकटी बाई, शिडाचं जहाज, पाच-सहा महिन्यांचा प्रवास, घरी पत्र पोचायलाही तेवढेच दिवस. तिच्यापुढे माझी एक्सेल शीट म्हणजे निव्वळ लाड आहेत. बाबांचं उदाहरण मात्र वेगळं. ते म्हणाले, "दोन वर्षांसाठी म्हणून जातेस ना? औरंगजेबही 1681 मध्ये दख्खनचं काम उरकून येतो म्हणून निघाला होता. 1707 मध्ये गेला तो आपल्या भिंगारला. दिल्ली परत दिसली नाही." भिंगारकर हा जोक परगावी जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. या वेळी बाबा हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

पुण्याला परत आल्यावर मॅनेजरला मेल टाकली: न्यू जर्सी. कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दादा दोन दिवस रुसला, मग त्यानं थँक्सगिव्हिंगला फ्रिस्कोला यायचं प्रॉमिस घेतलं. आम्ही जाणार आहोत. त्याचं बार्बेक्यू खरंच भारी असतं.

बाबांचा फोन परवा आला. शेजारच्या मुलाकडून त्यांनी मोबाइलवर ताईच्या घरापासून ओक ट्री रोडपर्यंतचा रस्ता बघून घेतला होता, फोटोंमधून, एकेक कोपरा करत.

"झाडं आहेत," म्हणाले. "पण बाकडी कमी दिसतात. दोनच मोजली."

"बाबा, तुम्ही चालायला जाणार आहात की बसायला?"

"आई येईल ना सोबत. तिला मध्ये टेकायला लागतं." मग जरा थांबून, "जानेवारीत नाही येणार हां. मेमध्ये काढ तिकीट."